दक्षिणेकडच्या उजेडाचं काय, संपादक साहेब?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत सपाट पृथ्वीवाले ध्रुवीय प्रकाशाबद्दल, म्हणजे ध्रुवांकडे रात्री आभाळात दिसणाऱ्या रंगीत उजेडाबद्दल, काय म्हणतात असा जो मोठा लेख तुम्ही छापला तो वाचला आणि एक दिवस गप्प बसलो, म्हणलं राग उतरला की लिहू. उतरला नाही. लेखकाचं मराठी चांगलं आहे, फोटो तर झकासच, पण शेवटी "दोन्ही बाजू मांडल्या, निर्णय वाचकांनी घ्यावा" हे वाचलं आणि माझी सटकली. कशाचा निर्णय? पृथ्वी गोल का सपाट याचा? मग ग्रामसभेतच ठेवा ना विषय, हात वर करून ठराव पास करून टाकू.

मला याचा त्रास काय झाला ते सांगतो. त्याच रविवारी आमच्याकडे धाकट्या मुलीचं साक्षगंध होतं. पाहुणे आले, चहापाणी झालं, जेवायला वेळ होता म्हणून व्याह्यांच्या हातात कोणीतरी तुमचा पेपर दिला आणि त्यांनी तो लेख सगळ्या मंडपाला मोठ्यानं वाचून दाखवला. "पाहा जी, वर घुमट हाय म्हणते, बर्फावरचा उजेड त्याले जाऊन लागते अन् हिरवं-लाल दिसते." मी हळूच म्हणलं, इवाईबुवा, तसं नाही ते. तर म्हणाले, "पेपरात आलं ना जी? मंग?" आता सांगा, मुलीचा बाप, साक्षगंधाचा दिवस, समोर व्याही, किती तोंड चालवणार? बायकोनं तिकडून डोळे वटारले. होणारा जावई इंजिनिअर आहे, तोही मोबाईलात पाहून नुसता हसला, बापाला काही बोलला नाही. मी बुंदी खात बसलो. तिथं जे बोलता आलं नाही ते इथं लिहितो, छापायचं असेल तर पूर्ण छापा, मागच्या वेळेसारखं अर्धं कापून नको.

मी तालुक्याच्या गावी टीव्ही रिपेरिंग करायचो, ब्लॅक अँड व्हाईटच्या काळापासून. जुन्या पिक्चर ट्यूबमध्ये मागच्या गनमधून इलेक्ट्रॉन सुटतात, कॉइलच्या चुंबकानं वळतात आणि समोरच्या काचेच्या आतल्या लेपावर आपटले की तिथं उजेड होतो. पोट्टे फुटक्या स्पीकरचं चुंबक कलर टीव्हीला लावून पाहायचे, स्क्रीनवर हिरवे-जांभळे डाग पडायचे, आणि मग तो टीव्ही खाटेवर घालून माझ्या दुकानी यायचा. ध्रुवीय प्रकाश हाच खेळ आहे, फक्त काचेच्या जागी हवा. सूर्याकडून विजेचा भार असलेले कण येतात, पृथ्वीच्या चुंबकाच्या घेऱ्यात खळबळ होते, तिथून इलेक्ट्रॉन जोरात ध्रुवांकडच्या हवेत घुसतात. 100-150 किलोमीटरवर ऑक्सिजन हिरवा पेटतो, 200 च्या वर तोच लाल, आणि नायट्रोजन निळा-जांभळा. ही उंचीही कोणी अंदाजे ठोकलेली नाही. नॉर्वेच्या स्टॉर्मरनं 1910 च्या सुमारास दोन लांबच्या ठिकाणी कॅमेरे लावले, टेलिफोनवर बोलून एकाच क्षणी फोटो काढले आणि कोनावरून हिशोब केला. त्याच्याच देशाच्या बिर्कलँडनं त्याआधी निर्वात पेटीत चुंबक घातलेला गोळा ठेवून त्याच्यावर इलेक्ट्रॉन सोडले, तर दोन्ही ध्रुवांभोवती उजेडाची कडी उमटली. गोळा साहेब, चकती नाही. नॉर्वेनं त्याला 200 क्रोनरच्या नोटेवर बसवलं होतं.

आता घुमटवाल्यांचं. बर्फावरून परावर्तन म्हणता, तर उजेड सूर्याचाच असायला पाहिजे, म्हणजे त्यात सगळे रंग सलग आले. स्वीडनच्या आँगस्ट्रॉमनं 1860 च्या दशकातच तो प्रकाश लोलकातून पाहिला, तर सलग पट्टा नाही, एक ठसठशीत हिरवी रेघ. म्हणजे तो वायू स्वतः पेटतो, आरशाचा काही संबंध नाही. हे दीडशे वर्षांपूर्वी मिटलेलं प्रकरण तुम्ही रविवारी परत उकरलं.

लेखातला दुसरा मुद्दा जरा हुशारीचा आहे, की सपाट पृथ्वी म्हणजे स्पीकरमधलं गोल चुंबक, मधे उत्तर ध्रुव आणि सगळी कड म्हणजे दक्षिण. स्पीकरची चुंबकं मी पोत्यानं हाताळली, म्हणून यावर बोलायचा मला हक्क आहे. त्यांच्या नकाशावर अंटार्क्टिका ही बाहेरची बर्फाची भिंत, तिचा घेर त्यांच्याच मापानं सव्वा लाख किलोमीटर भरतो. मग दक्षिणेचा प्रकाश त्या सव्वा लाखावर पातळ फासल्यासारखा दिसायला पाहिजे. प्रत्यक्षात उपग्रहांतून दक्षिणेचं कडं उत्तरेएवढंच दिसते, एका ध्रुवाभोवती. आणि तुमच्या लेखात दक्षिणेचं नावच नाही! नॉर्वे आहे, आइसलँड आहे, अलास्का आहे. कॅप्टन कुकनं 1773 मध्ये दक्षिणेकडच्या समुद्रात तो प्रकाश पाहून लिहून ठेवला, टास्मानिया आणि न्यूझीलंडचे लोक आजही पाहतात, अंटार्क्टिकात आपल्या देशाचं मैत्री नावाचं संशोधन केंद्र आहे. एवढं सगळं गाळून दोन्ही बाजू कशा काय मांडल्या बुवा?

10 मे 2024 च्या रात्री तर उत्तरेलाही पेटलं आणि दक्षिणेलाही, आपल्या लडाखात हानलेच्या वेधशाळेतून आभाळ लाल दिसलं. लालच का, हिरवं का नाही, हे त्या लेखकाला विचारा. इतक्या लांबून पाहिलं की खालचा हिरवा पृथ्वीच्या गोलाईआड जातो आणि उंचावरचा लाल तेवढा उरतो. सपाट असती तर दोन्ही दिसले असते. 4 फेब्रुवारी 1872 ला तर मुंबईतून दिसल्याची नोंद आहे, तेव्हा आमच्या वऱ्हाडातही कोणी वावरात जागलीला असलेल्यानं पाहिला असेल, त्याला कोण विचारतं. आणि मे 2024 च्या त्या सौर वादळाचा इशारा अमेरिकेच्या हवामानवाल्यांनी आदल्या दिवशीच देऊन ठेवला होता, कारण सूर्यावरचे स्फोट त्यांना दिसले होते. घुमटवाल्यांनी कधी सांगितलं का, उद्या रात्री घुमट चमकणार म्हणून?

व्याह्यांचं शेवटचं म्हणणं होतं की आपले जुने लोक काय येडे होते का. नव्हतेच ना. भास्कराचार्यांनी 1150 मध्ये लिहून ठेवलं की परिघाचा शंभरावा भाग सपाटच वाटतो, पृथ्वी एवढी मोठी आणि माणूस एवढासा, म्हणून त्याला ती सपाट दिसते. साडेआठशे वर्षं झाली. हे त्याच पुरवणीत एका चौकटीत टाकलं असतं तर माझं साक्षगंध सुखात पार पडलं असतं.

तुम्ही म्हणाल गंमत म्हणून छापलं. असेल. पण आमच्या गावात पेपर गंमत म्हणून वाचत नाहीत साहेब, पानठेल्यावर एक वाचतो आणि बाकीचे ऐकतात, आणि मग ते वर्षभर चालते. लग्न मे महिन्यात आहे, तोवर व्याह्यांना गोल पृथ्वीवर आणायचं काम माझ्याच गळ्यात. तुम्ही एक खुलासा छापला तर मला तो त्यांना पाठवता येईल, कारण माझं ते ऐकणार नाहीत, तुमचं ऐकतील. पहिल्या पानावर नको, त्याच पुरवणीत त्याच जागी द्या.

आणि पत्र लिहितोच आहे तर आणखी एक. बाजार समितीचे कापसाचे भाव तुम्ही जुनेच परत परत छापता. आमच्या शेजाऱ्यानं तुमचा आकडा पाहून गाडी भरली, तिथं गेल्यावर भाव खाली, भाडं अंगावर पडलं. घुमटासाठी अर्धं पान आहे तर भावाच्या चौकटीवर निदान तारीख तरी टाका.

आपला जुना वर्गणीदार,
एक निवृत्त टीव्ही मेकॅनिक
ता. दर्यापूर, जि. अमरावती