आई-बाबांना पत्र : यंदा तळ्याकाठी जाऊ

नाशिक,
11 नोव्हेंबर 2025

तीर्थरूप आई आणि बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर तुमच्याशी बोलताना औषधे, नळाचे पाणी आणि भुसावळचा उकाडा यांतच वेळ निघून जातो आणि जे सांगायचे ते राहून जाते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. मार्गशीर्षात तुम्ही महिनाभर माझ्याकडे येणार हे ठरल्यापासून मी दिवस मोजते आहे. परवा मात्र आई सहज बोलून गेली, "आता काय, डोंगर लांबूनच बघायचे," आणि बाबांनी त्यावर हूं म्हटले. ते हूं माझ्या मनातून जात नाही.

मागच्या वर्षी जुलैमधल्या त्या रविवारी मी तुम्हाला धबधबा दाखवायला घेऊन गेले होते. दोन तास गाड्यांच्या रांगेत, पुढे चिखलातून चालणे, मोठमोठ्याने वाजणारी गाणी, आणि शेवटी शेवाळलेल्या दगडावर मागून कोणाचा तरी धक्का लागून आई गुडघ्यावर पडली. परतताना तुम्ही दोघेही गप्प होता आणि घरी आल्यावर बाबा म्हणाले की आमचे डोंगराचे वय आता राहिले नाही. त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. आज ते नीट सांगते : दोष तुमच्या वयाचा नव्हता, मी निवडलेल्या दिवसाचा आणि जागेचा होता. पावसाळ्यातला रविवार आणि रस्त्यालगतचा धबधबा ही जोडी जमली की तिथे तरण्याताठ्या माणसाचाही पाय घसरतो.

म्हणून या वर्षी मी वेगळे केले. माझी साप्ताहिक सुटी मंगळवारी असते. ऑगस्टपासून जमेल त्या मंगळवारी पहाटे निघून मी नाशिकच्या आसपासची डोंगरातली तळी एकेक करून पाहून आले. बरोबर कोणी नव्हते आणि घाईही नव्हती. प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट तपासली : आई-बाबा इथे येऊ शकतील का. चढ कुठे सुरू होतो, बसायला सावली कुठे आहे, उतरताना हात धरायला काही आहे का, आणि गाडी किती जवळ जाते, हे सगळे वहीत टिपून ठेवले आहे. शिखर हवे असेल तर कळसूबाई आणि साल्हेर आहेतच, आणि ते ज्यांना झेपतात त्यांनी जावे. तळ्याचे तसे नाही. तळे दिसले की माणूस आपोआप बसतो. कुठपर्यंत पोचलो याचा हिशेब तिथे कोणी विचारत नाही, आणि पाण्याकाठी तासभर बसून परत फिरलो तरी काही अर्धवट राहिल्यासारखे वाटत नाही.

बाबा, तुम्हाला सर्वांत आधी त्रिंगलवाडीच्या तळ्यावर न्यायचे आहे. गार्ड म्हणून तुम्ही भुसावळहून मालगाड्या घेऊन किती वेळा इगतपुरीला आलात, तिथल्या रनिंग रूममध्ये किती रात्री काढल्या, कसाऱ्याहून मागे बँकर, म्हणजे ढकलणारे जादा इंजिन, लावून 37 मीटरला 1 मीटर असा चढ असलेला थळ घाट चढून येणाऱ्या गाड्यांचे वर्णन आम्हाला किती वेळा ऐकवले! त्याच स्टेशनापासून जेमतेम 7 किलोमीटरवर हे तळे आहे. ड्यूटी संपली की झोप आणि झोप संपली की परतीची गाडी, एवढाच वेळ तुमच्या हाती असे. तेवढ्यात तुम्ही हे तळे पाहणार तरी कधी? आता हाती घड्याळ न घेता जाऊ.

नाशिकहून इगतपुरी साधारण 45 किलोमीटर आहे. पुढे त्रिंगलवाडीपर्यंत गाडी जाते आणि तिथून बांधाच्या कडेने सपाट वाट आहे. डावी-उजवीकडे भाताची खाचरे, समोर पाणी आणि पाण्यापलीकडे माथ्यावर कातळाची टोपी घातलेला त्रिंगलवाडीचा किल्ला. तळ्याला लागूनच जी वस्ती आहे तिचे नावच तळ्याची वाडी. वस्तीच्या वर, किल्ल्याच्या पायथ्याशी, एक जैन लेणे आहे, ज्याला गावकरी पांडव लेणे म्हणतात. दारावरचे कोरीवकाम अजून सुरेख आहे, आत ऋषभनाथांची मूर्ती आहे, भंगलेली, पण आई, तिच्यासमोर उभे राहिल्यावर हात आपोआप जोडले जातात. मला तळ्यापासून लेण्यापर्यंत रमतगमत अर्धा तास लागला. तुमच्या चालीने पाऊण ते एक तास धरते. शेवटचा चढ तुमच्या घाटापेक्षा कडक आहे, पण छोटा आहे, आणि चढाच्या सुरुवातीलाच एक सावलीची जागा आहे. तिथे आईने बसून राहायचे ठरवले तरी तळे संपूर्ण दिसते. वर किल्ल्यावर कातळात कोरलेल्या पायऱ्या आहेत आणि दाराशी भला मोठा मारुती कोरलेला आहे, पण तिकडे आपण जायचे नाही. उंच पायऱ्या चढून जाता येतात, उतरताना मात्र सगळा भार गुडघ्यावर येतो.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी गेले तेव्हा भात पिवळा पडत होता. बांधावर बसून डबा उघडला तर पाण्यात एक टिबुकली दिसली. कबुतराहूनही लहान, तपकिरी, शेपूट जवळजवळ नसलेला हा पक्षी. ती डुबकी मारायची आणि पाण्यावर फक्त एक वर्तुळ उरायचे. मी मनात आकडे मोजू लागले. चौदा, पंधरा, सोळा झाले तरी पत्ता नाही, आणि मग जिथे लक्ष होते तिथे नव्हे तर चांगली वीस हात पलीकडे ती बुचासारखी वर आली, चोचीत चांदीची एक वळवळ घेऊन. असे अकरा वेळा झाले. त्या पूर्ण वेळात माझ्याखेरीज तिथे दोन म्हशी, त्यांच्या मागची एक आजी आणि धुणे आपटणाऱ्या दोन बायका एवढेच लोक होते. धुण्याचा आवाज डोंगरावर आपटून परत येत होता, एकदा इकडे आणि एकदा तिकडे. आई, तुझ्या माहेरच्या नदीवरचे धुणे मला तेव्हा आठवले.

बाबा हमखास विचारतील की दगडाच्या डोंगरात पाणी टिकते कसे. आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरांचा आहे, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरत गेलेल्या थरांचा. त्यातले काही थर घट्ट, काही सच्छिद्र, आणि मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पातळ पट्टा असतो. मऊ थर झिजला की पठार तयार होते, कठीण थर उरला की कडा. म्हणूनच आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. घट्ट कातळाच्या खोलगट जागी पडलेले पाणी खाली मुरत नाही, तिथे ते साचून राहते. आणि सच्छिद्र थरात मुरलेले पाणी खालच्या घट्ट थरावर अडले की कडेला झरा होऊन बाहेर येते. जुन्या लोकांनी हे नेमके ओळखून टाकी खोदली आणि तळ्यांना बांध घातले. पाऊसही तसाच अजब आहे : नाशिक शहरात वर्षाला 700 मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि घाटमाथ्यावरच्या इगतपुरीला त्याच्या चौपट. पाऊण तासाच्या प्रवासात जमिनीचा रंगच बदललेला दिसतो.

दुसरे ठिकाण अंजनेरी. त्र्यंबकच्या वाटेवर, शहरापासून सुमारे 20 किलोमीटर. आई, हनुमानाचे जन्मस्थान म्हणून तुला तिथे जायचेच आहे, हे मला ठाऊक आहे. पायऱ्यांच्या घळीतून वर गेले की एकदम विस्तीर्ण पठार लागते, पठारावर अंजनीमातेचे मंदिर आणि पुढे ते तळे, ज्याचा आकार वरून पाहिले तर पावलासारखा दिसतो आणि बाळ हनुमानाचे पाऊल तिथे उमटले असे लोक मानतात. कड्यांवर गिधाडांची घरटी आहेत. सप्टेंबरमध्ये मी तळ्याकाठी बसले असताना दोन गिधाडे पंख न हलवता माझ्या डोक्यावरून गेली.

त्याच दिवशी वाटेत कंदीलपुष्प पाहिले. खाली फुगीर, मध्ये नळी आणि वर पाकळ्यांची टोके जुळून झालेला लहानसा कंदील. आत शिरलेल्या माशीला नळीतले खाली वळलेले केस बाहेर पडू देत नाहीत. काही वेळाने केस कोमेजतात, माशी सुटते आणि परागकण घेऊन पुढच्या फुलाकडे जाते. या कुळातली एक जात अंजनेरीच्याच नावाने ओळखली जाते. कंदांसाठी लोक ही झाडे उपटतात, म्हणून मी पाहिलेली जागा कोणाला सांगितली नाही, या पत्रातही लिहीत नाही. तुम्हाला प्रत्यक्ष दाखवेन, पण ते पुढच्या श्रावणात.

एवढे सगळे लिहिले तरी अंजनेरीचे तळे यंदाच्या यादीत मी ठेवलेले नाही. मला तळ्यापर्यंत सव्वा तास लागला, पायऱ्या पुष्कळ आहेत आणि काही फार उंच आहेत. माकडे हातातली पिशवी ओढतात. आईने आधी महिनाभर सपाटीवर रोज तासभर चालावे, मग फेब्रुवारीत थंडी असेपर्यंत एखाद्या मधल्या वारी पहाटे निघून बघू. शनिवार, मंगळवारचा गर्दीचा दिवस किंवा हनुमान जयंती तर मुळीच नको. आणि फार लांबवूही नये असे मला वाटते, कारण 2027 च्या सिंहस्थाच्या वेळी त्र्यंबक रस्त्यावर निवांत जाणे विसरावेच लागेल.

कावनईच्या किल्ल्यावरही तळे आहे, परंतु वाटेत लोखंडी शिडी आहे, त्यामुळे तो विषय संपला. खालचे कपिलधारा तीर्थ मात्र त्रिंगलवाडीहून परतताना आपण करू.

ज्या दिवशी चालायचा अजिबात उत्साह नसेल त्या दिवसासाठी काश्यपी धरण आहे. गिरणारे ओलांडून धोंडेगावच्या बाजूला गेले की द्राक्षबागा मागे पडतात आणि डोंगरांच्या कुशीत शिरलेले पाणी समोर येते. गंगापूर धरण 1965 चे, तिथे आता नौकाविहारामुळे वर्दळ असते; त्याच्या वरच्या अंगाचे हे काश्यपी अजून शांत आहे. चढ जवळजवळ नाहीच. मी तिथे खुर्च्या घेऊन येणार आहे, दोन घडीच्या खुर्च्या मागच्याच आठवड्यात घेतल्या. आईने विणकाम आणावे.

आता काही गोष्टी मी हट्टाने सांगणार आहे, त्या तुम्ही ऐकाव्यात. आपण घरून सकाळी साडेसहाला निघायचे आणि दुपारी दोनच्या आत परत फिरायचे, कारण हिवाळ्यात दिवस सहाच्या आत मावळतो आणि या भागात बिबट्याचा वावर आहे. रक्तदाबाची गोळी निघण्यापूर्वी घ्यायची, प्रवासात लघवीला जावे लागेल म्हणून पाणी कमी प्यायचे ही आईची सवय बंद. दर थांब्यावर दोन घोट मी स्वतः पाजणार. पाण्यात पाय सोडायचे असतील तर बांधाच्या पक्क्या दगडावर बसूनच, कारण या तळ्यांचा तळ गाळाचा असतो आणि पाऊल किती खोल जाईल याचा अंदाज गावातल्या माणसांनाच असतो. उदबत्ती डोंगरात पेटवायची नाही, कड्याला आग्या मोहळे लटकलेली असतात आणि धुराने ती उठतात. आपला कचरा आपल्याच पिशवीत परत येईल. फुलांचा हारसुद्धा, आई. देवाला वाहायचा तो कपिलधारेला वाहू, तळ्यात सोडायचा नाही.

बाबा, तुम्ही म्हणाल की एवढ्याशा चालण्याला डोंगर चढणे म्हणतात का. आम्ही लहान असताना तुम्ही आम्हा दोघी बहिणींना पाटणादेवीला न्यायचात, धाकटी दमली की तिला खांद्यावर घ्यायचात आणि मला म्हणायचात की पुढच्या झाडापर्यंत चल, मग बसू. झाड आले की पुढचे झाड दाखवायचात. मी या तीन महिन्यांत तुमच्यासाठी तीच झाडे शोधत होते. त्रिंगलवाडीच्या वाटेवर एक उंबर आहे, त्यापुढे एक आंबा आहे, आणि लेण्याच्या अलीकडे एक जुने जांभळाचे झाड. मधली अंतरे मी पावलांनी मोजली आहेत; एकही दोनशे पावलांपेक्षा जास्त नाही.

नाशिकरोड स्टेशनावर मी घ्यायला येईन, फलाट बदलण्याची घाई करू नका, डब्यासमोरच थांबा. थंडी पहाटे बोचते, म्हणून कानटोप्या आणि आईचे तपकिरी स्वेटर आठवणीने बॅगेत ठेवा. धाकटीला मी कळवले आहे, तिला सुटी मिळाली तर तीही पुण्याहून दोन दिवसांसाठी येईल.

तुमची मोठी लेक

ता. क. बाबा, तुमच्या काठीच्या टोकाचे रबर झिजले आहे, दिवाळीत मी पाहिले होते. कातळावर ती तशी चालणार नाही. निघण्यापूर्वी नवे बसवून घ्या. तिथे मिळाले नाही तर काठी तशीच आणा, मी इथे रबर आणून ठेवते.