मोकळं सोडायच्या आधी

प्रिय दोस्ता,

तुझा मेसेज परवाच वाचला, पण दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही म्हणून आज निवांत बसून लिहितोय. पिल्लू पाच महिन्यांचं झालं, लसी पूर्ण झाल्या आणि आता तुला त्याला रोज मैदानावर नेऊन मोकळं सोडायचंय हे वाचून खरंच खूप बरं वाटलं, कारण हौसेने कुत्रं आणून नंतर त्याला दिवसभर साखळीला बांधून ठेवणारे मी भरपूर बघितलेत. पण पुढे तू जे लिहिलंस ना, "त्याचं त्याला कळतं रे, दमला की बसेल आपोआप", तिथे मी अडखळलो. नाही बसत रे. माझा कुत्रा शेरू दोन वर्षांचा होता तेव्हा मीही हेच धरून चाललो होतो.

उन्हाळ्यातली संध्याकाळ होती, ऊन उतरलेलं, म्हणून मी बिनधास्त बॉल फेकत होतो. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. तो प्रत्येक वेळी तेवढ्याच जोरात पळायचा आणि बॉल माझ्या पायाशी टाकून परत तय्यार. जीभ बाहेर होतीच, ती काय नेहमीच असते, पण त्या दिवशी ती टोकाला चमच्यासारखी पसरट झाली होती आणि कडेने वर वळली होती, आणि लाळ पातळ न राहता चिकट तारेसारखी लोंबत होती. हे सगळं मला दिसत होतं आणि तरी मी अजून दोनदा बॉल फेकला. तिसऱ्या वेळी तो निघाला, अर्ध्यात मागचे पाय वाकडेतिकडे पडायला लागले आणि एका अंगावर आडवा झाला. हिरड्या बघितल्या तर विटेसारख्या लालभडक. जवळच्या नळावर नेऊन मिळेल त्या भांड्याने पोटावर, काखेत, मांड्यांच्या आतून पाणी ओतत राहिलो, एक जण पुठ्ठ्याने वारा घालत होता, मग तसाच ओला गाडीत टाकून डॉक्टरांकडे. तिथे पोचेपर्यंत इतकं पाणी ओतूनसुद्धा ताप 105 होता. कुत्र्याचं नॉर्मल टेंपरेचर 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं, 104 च्या वर गेलं की धोका सुरू. डॉक्टर म्हणाले की आधी पाणी ओतून मग निघालात हे बरं केलंत, कारण उष्माघातात शरीर जितका जास्त वेळ तापलेलं राहतं तितकं आतलं नुकसान वाढतं, आणि किडनी किंवा रक्त गोठण्याची गडबड कधीकधी एक-दोन दिवसांनी वर येते, म्हणून तीन दिवस रक्ताच्या टेस्ट चालू होत्या. शेरू वाचला. पण ते तीन दिवस मी विसरलेलो नाही, म्हणून तुला इतकं कळकळीने लिहितोय.

होतं काय, की आपल्याला घाम अंगभर येतो, कुत्र्याला मात्र घाम येण्याजोग्या ग्रंथी जवळपास पंजांच्या तळव्यालाच असतात, त्यामुळे तो थंड होतो तो धापा टाकून, म्हणजे जीभ आणि श्वासाच्या वाटेतला ओलावा वाफ होऊन जातो तेव्हा. हवा दमट असली की ती वाफच नीट होत नाही. म्हणून ढगाळ पण घामट दिवससुद्धा वाईट, नुसतं ऊन बघून ठरवू नकोस. पग, बुलडॉग, बॉक्सर असल्या चपट्या नाकाच्यांना तर श्वासाची वाटच अरुंद, त्यांचं अजून अवघड. आणि पाणी ओतायची वेळ आलीच तर ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नको, तो थोड्या वेळात गरम होतो आणि उष्णता आतच कोंडते, त्यापेक्षा साधं पाणी सतत ओतत राहणं आणि वारा घालणं चांगलं.

डांबरी रस्त्याचं एक सोपं आहे, हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवायची आणि सात सेकंद ठेवायची, तुला सोसत नाही तर त्याला पण नाही. आणि "पाच मिनिटांत येतो" म्हणून त्याला बंद गाडीत ठेवायचं नाही म्हणजे नाही. दहा मिनिटांत गाडी आतून साधारण 10 अंश सेल्सियसने तापते, काच बोटभर खाली करून फारसा काही फरक पडत नाही. उन्हाळ्यात केस भादरायचं पण डोक्यातून काढ, तुझं पिल्लू दाट डबल कोटवालं, म्हणजे केसांचे दोन थर असलेलं आहे, तो कोट ऊन अडवतो, आतला मेलेला अंडरकोट ब्रशने काढत राहिलं की पुरतं.

पावसाळ्याचा त्रास वेगळा, तो दिसत नाही पटकन. डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नकोस, त्यात उंदराचं मूत मिसळलेलं असू शकतं आणि त्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार होतो, लिव्हर-किडनीवर जातो आणि माणसालाही होऊ शकतो. त्याची लस असते, दर वर्षी द्यावी लागते, "लसी पूर्ण" म्हणालास त्यात ती धरलीय का ते कार्डावर बघ. घरून पाणी घेऊन जायची सवय लाव, तहानलेलं कुत्रं डबक्यात तोंड घालणारच. घरी आल्यावर पंजे नुसते वरवर पुसू नको, बोटांच्या बेचक्यात फडकं घालून कोरडे कर, तिथेच ओल राहून खाज सुटते आणि मग हा रात्रभर पाय चाटत बसतो.

आणि गोचीड! रोज घरी आलास की दहा मिनिटं त्याला मांडीजवळ घेऊन बस आणि बोटं उलट्या दिशेने केसांतून फिरव, कानाच्या आत आणि मागे, पट्ट्याखाली, काखेत, बोटांमध्ये, शेपटीच्या मुळाशी. हाताला मसुराएवढी गाठ लागली की केस बाजूला करून बघ, पाय दिसतात. बारीक चिमट्याने कातडीला अगदी लागून पकडायची आणि सरळ, सावकाश ओढायची, पिरगाळायची नाही, तेल किंवा काडेपेटी तर अजिबात नको, आणि बोटांनी चिरडू नको. गोचिडीतून एर्लिकिया आणि बबेसिया हे रक्ताचे आजार येतात, चावल्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी ताप येतो, खाणं सुटतं, हिरड्या पांढुरक्या पडतात, आणि तोपर्यंत आपण गोचीड विसरून गेलेलो असतो, म्हणून मी सापडलेल्या दिवसाची नोंद कॅलेंडरवर करतो. औषध डॉक्टरांना विचारूनच लाव. तुमच्याकडे मांजर आहे म्हणून मुद्दाम सांगतो, कुत्र्याच्या मानेवर लावायच्या काही औषधांत पर्मेथ्रिन असतं, ते मांजराला विष आहे. वहिनींना पण सांगून ठेव.

विजा कडाडतात तेव्हाचं एक. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं की भीती वाढते असं लोक सांगतात, ते चूक आहे. त्याला हवं असेल तर खुशाल जवळ घे. पण बाहेर असताना आवाज झाला तर कुत्रं मागे मागे सरकतं आणि पट्ट्यातून डोकं काढून सुसाट पळतं, हे सेकंदाचं काम असतं. पट्टा आणि मान यात दोन बोटं जातील इतकाच सैल ठेव, पावसाच्या दिवसात हार्नेसही (छातीभोवती बांधायचा पट्टा) घाल, आणि पट्ट्यावर तुझा नंबर लिहिलेला असू दे.

आता मुख्य गोष्ट, बोलावल्यावर येणं. मेसेजमध्ये लिहिलंस की घरात हाक मारली की धावत येतो आणि बाहेर बहिरा होतो. तो हट्टी नाहीये. घरात तुझ्याशिवाय बघण्यासारखं काय असतं त्याला? बाहेर प्रत्येक झाडाच्या बुंध्यावर वासांचं नवं पत्र आलेलं असतं, आणि तू बोलावतोस ते बहुतेक वेळा पट्टा अडकवून घरी न्यायला. दोन आठवड्यांत तो शिकला की "ये" म्हणजे मजा संपली. त्यातून उशिरा आला की तू रागावतोस, म्हणजे येण्याचीच शिक्षा झाली ना ती. तेव्हा तो "ये" शब्दच सोडून दे, तो खराब झालाय. नवा शब्द घे, मी "इकडे" वापरतो.

पहिला आठवडा फक्त घरात. शब्द एकदाच म्हणायचा, तो वळला की लगेच "शाब्बास" आणि पोचल्यावर सेकंदाभरात त्याच्या सगळ्यात आवडीचा खाऊ, रोजच्या जेवणातला दाणा नाही. मग जिना, मग आवार, मग मैदान पण गर्दी नसताना. मैदानावर 10 मीटरची लांब दोरी, हार्नेसला अडकवलेली, गळ्यातल्या पट्ट्याला कधीच नाही कारण धावता धावता झटका बसला तर मानेला इजा होते, आणि दोरी हाताला गुंडाळून घेऊ नको, बोटं मोडतात. दहा वेळा बोलाव, त्यातल्या नऊ वेळा खाऊ दे, पट्टा अडकव, काढ आणि परत सोड, म्हणजे पट्टा अडकला की घरी जायचं हे समीकरणच त्याच्या डोक्यातून जाईल. तो येणार नाही असं दिसत असेल तेव्हा हाकच मारू नकोस, दोरी धरून चालत त्याच्याकडे जा. एकच शब्द पाच वेळा ओरडलास की पाच वेळा ऐकून न ऐकल्यासारखं करायची प्रॅक्टिस होते त्याची.

आणि बक्षीस म्हणजे खाऊच असं नाही. प्रीमॅक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने मांडलेलं तत्त्व आहे, जे करायला जास्त आवडतं ते कमी आवडत्या कामाचं बक्षीस म्हणून वापरता येतं. म्हणजे "इकडे", आला, शाब्बास, "जा, हुंग!" आणि त्याच झुडपाकडे परत पाठवायचं. हे शेरूला जमायला लागलं तेव्हाचं मला अजून आठवतंय. नाक मातीत खुपसलेलं, मी शब्द म्हटला, आधी एक कान फिरला, मग नाक वर आलं, क्षणभर विचार, आणि मग अख्खं अंग धनुष्यासारखं वळून माझ्याकडे. मी जमिनीवर बसूनच घेतलं त्याला.

सहा-सात महिन्यांचा झाला की तुझा पठ्ठ्या शिकलेलं सगळं विसरल्यासारखा वागेल, ते वयच तसं असतं, तेव्हा चिडू नकोस, दोरीवर परत ये. अजून त्याची हाडं वाढतायत म्हणून सायकलमागे पळवणं, उंच उड्या हे वर्ष-दीड वर्षाचा होईपर्यंत नको. त्यापेक्षा हुंगू दे पोटभर, वीस मिनिटं मनसोक्त हुंगलेलं कुत्रं घरी येऊन शांत झोपतं.

थंडीचं फार नाही तुला, कोट दाट आहे. फक्त अंधार लवकर पडतो तेव्हा चमकणारा पट्टा घाल, आणि गाडीखाली कूलंट (इंजिन थंड ठेवायचं द्रव) सांडलेलं दिसलं तर तिकडे फिरकू देऊ नको, गोड लागतं म्हणून चाटतात आणि थोडंसंच पोटात गेलं तरी किडनी जाते. शेरू आता म्हातारा झालाय, सकाळी सांधे आखडतात, आम्ही आधी दहा मिनिटं हळूहळू चालतो आणि मग बॉल निघतो. पाच-सहा वेळाच फेकतो. सहाव्यानंतर तो अजून माझ्याकडे बघत उभा असतो, मी बॉल खिशात टाकतो.

माझी जुनी लांब दोरी धुऊन कुरिअर करतोय, हुक नवीन लावलाय. पुढच्या महिन्यात येतोय तेव्हा मैदानाच्या त्या टोकावरून एकदाच हाक मारून दाखव मला. तोवर दोरी काढू नकोस.

तुझाच,
शेरूवाला