मॉडेमखाली आकडा लिहून ठेवणाऱ्या दादांस

दादा, सप्रेम नमस्कार.

फोनवर दोन शब्द बोलूनही आभार मानता आले असते. पण पत्र मुद्दाम चारचौघांत लिहितोय, आमच्याकडे इंटरनेट जोडायला तुमच्याआधी येऊन गेलेल्यांच्याही नजरेला पडावं म्हणून.

त्यांच्यातल्या एकाने फायबरच्या घरात टेलिफोनच्या वायरीचं भोक असलेला एडीएसएल मॉडेम विकायला आणला होता. दुसऱ्याने चार अँटेनांचा राउटर गळ्यात मारला. त्याचा वॅन पोर्ट (बाहेरून येणारं इंटरनेट आत घ्यायचं भोक) १०० एमबीपीएसचा, म्हणजे प्लॅन २०० चा घ्या नाहीतर ३०० चा, ९४-९५ च्या वर काही मिळायचं नाही. अँटेना मोजून राउटर घेणं म्हणजे शिंगं मोजून म्हैस घेणं. तिसऱ्याचं उत्तर ठरलेलं: रिस्टार्ट करा. उन्हाळ्यात रिस्टार्ट, पावसात रिस्टार्ट.

तुम्ही खोका उघडायच्या आधी घर बघितलंत. फूटभर जाडीची जांभ्याची भिंत. त्यात पावसाळ्यात चिरा पाणी पितो आणि ओली भिंत वायफाय आणखी खाते. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय ओटीवरून माजघरात शिरतानाच दमतं. २.४ एक भिंत ओलांडतं, दुसरीला मान टाकतं. ‘मेश घ्या’ म्हणून महागडा संच खपवणं तुम्हाला सहज जमलं असतं. तुम्ही उलट सांगितलंत, की मेशचे, म्हणजे घरभर ठेवून वायफाय पसरवणारे, डबेही एकमेकांशी हवेतूनच बोलतात, त्यांनाही हीच भिंत आडवी येणार. त्यापेक्षा माजघरापासून पडवीपर्यंत कॅट-६ ची नेटवर्कची वायर टाका आणि तिथे एक साधा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे नुसतं तिथलं वायफाय पसरवायला, लावा. वायर मात्र अस्सल तांब्याची. आतली तार चाकूने खरवडली आणि पांढरी निघाली, तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. खाऱ्या हवेत त्याचा भुगा व्हायला वेळ लागत नाही. पडवीतल्या राउटरचं डीएचसीपी (फोनांना पत्ते वाटायचं काम) बंद, पत्ता १९२.१६८.१.२, वायर वॅनमध्ये न घालता लॅनमध्ये (घरातल्या वायरींच्या भोकात). वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच, २.४ चे चॅनल एकाला १, दुसऱ्याला ११. मेशच्या निम्म्या खर्चातही हे बसतं.

फायबरचा मॉडेम बाजारातून परस्पर आणू नका, हेही तुम्हीच बजावलंत. जीपॉनच्या, म्हणजे घरोघरच्या फायबरच्या, लाइनवर मॉडेमचा सिरियल नंबर कंपनीच्या यंत्रणेत चढवावा लागतो. तो चढला नाही तर महागातला महाग डबाही नुसते दिवे लुकलुकवत बसतो.

पण हे पत्र ज्यासाठी, ते वेगळंच आहे. काम संपलं, स्पीड दिसला, दुसरा कोणी असता तर एव्हाना गाडीला किक मारली असती. तुम्ही फायबरच्या टोकाचं हिरवं कनेक्टर परत काढलंत, खिशातल्या स्पिरिटच्या पुडीने त्याचं टोक पुसलंत, फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाचा जोर मोजणारा पॉवर मीटर लावलात आणि मॉडेम उलटा करून त्यावर मार्करने लिहिलंत: उणे १९, खाली तारीख. कोणी सांगितलेलं नव्हतं, त्याचे पैसेही लावले नाहीत.

त्या आकड्याची किंमत पावसात कळली. प्रकाश तुटल्याची खूण देणारा लाल एलओएस दिवा अधूनमधून लुकलुकायला लागला. मॉडेमच्या पानावर, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडून ऑप्टिकल पॉवरमध्ये, उणे २८ दिसत होतं. हे आकडे डेसिबलचे, दर ३ डेसिबलला प्रकाश निम्मा होतो. म्हणजे १९ वरून २८ वर गेला की आठवा हिस्सा उरला. उणे २७ च्या आसपासच मॉडेम आंधळा व्हायला लागतो. तक्रारीच्या फोनवर हे दोन आकडे सांगितल्यावर रिस्टार्टचा विषयच निघाला नाही. वाटेतल्या जॉइंटवर कोणीतरी हिरव्या कनेक्टरसमोर निळं खुपसून ठेवलेलं निघालं. हिरव्याचं टोक आठ अंशांत तिरकं घासलेलं, निळ्याचं सरळ. तोंडाला तोंड लागत नाही, मधल्या फटीत प्रकाश सांडतो, आणि त्यात पाणी शिरलं की विचारूच नका. मार्करचा तो आकडा नसता तर आजही दोष आमच्या भिंतींवर गेला असता.

आभाळातल्या विजेचंही तसंच. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण फायबरला तोलणाऱ्या स्टीलच्या तारेतून येते. ती तार तुम्ही बाहेरच्या हुकालाच तोडलीत आणि घरात नुसती बारीक वायर घेतलीत, तीही भिंतीत शिरण्याआधी खाली झोळ देऊन, म्हणजे पागोळ्यांचं पाणी वायरीवरून आत न येता झोळावरून ठिबकतं. बाकी वळवाच्या गडगडाटात अ‍ॅडॅप्टरची पिन उपसणं हे आमच्याकडे.

लाईट गेल्यावर मॉडेम चालू ठेवणाऱ्या मिनी यूपीएसबद्दलही गोड बोलला नाहीत. खोक्यावरचे ८००० एमएएच ३.७ व्होल्टचे, म्हणजे साधारण ३० वॉट-तास. मॉडेम १० वॉटचा धरला तर कागदावर तीन तास, प्रत्यक्षात अडीच. घेताना १२ व्होल्ट, अँपिअर आणि पिनची जाडी जुन्या अ‍ॅडॅप्टरशी जुळवा, एवढंच म्हणालात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडच्या गावांत लाईट आठवडेच्या आठवडे नव्हती. तिथे कुठलाच यूपीएस पुरा पडत नाही, हे कबूल करणारा विक्रेता विरळाच. आमच्याकडे हुशार माणसांची वाण नाही, पण आपण निघून गेल्यावर या घराचं काय होईल याचा विचार करणारी फार थोडी.

आता एक काम. पाखाडीखालच्या दोन घरांनाही जोडणी हवी आहे. एकाचा गोठा घरापासून चाळीसेक मीटरवर आहे आणि तिथे कॅमेरा लावायचाय. उघड्यावरून तांब्याची वायर नको, फायबर आणि दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची वायर जोडणारे डबे) बरे, असं आम्ही त्यांना सांगून ठेवलंय; चुकत असेल तर सांगा. येताना हिरव्या टोकाचे चार पॅच कॉर्ड आणि तो मार्कर आणा.

आपली,
दापोली तालुक्यातल्या वरच्या वाडीतली मंडळी