रिकामा कॅच

चि. मनू,

तू पाठवलेला कोड काल रात्री निवांत वाचला. लॉजिक नेटकं आहे, व्हेरिएबल्सना नावंही विचार करून दिली आहेस. फाइल वाचायच्या फंक्शनपाशी मात्र मी अडले. वर ट्राय, म्हणजे जे करून बघायचं ते; खाली कॅच, म्हणजे ते फसलं तर काय करायचं ते; आणि कॅचमध्ये काहीच नाही. "नाहीतर प्रोग्राम सारखा क्रॅश होतो," असं तू फोनवर म्हणालास. क्रॅश थांबला खरा, पण फाइल सापडली नाही हे आता तुलाही कळणार नाही.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही असाच कॅच लिहिला होता. रात्री नोंदी डेटाबेसमध्ये भरणारा प्रोग्राम होता. डिस्क भरली, नोंदी जाईनात, आणि प्रोग्राम रोज सकाळी 'काम पूर्ण' म्हणत राहिला. अकरा दिवसांनी उघडकीला आलं. लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्राम आपल्या कामाची नोंद लिहितो त्या फाइलमध्ये, त्याबद्दल एकही ओळ नव्हती. त्या सगळ्या नोंदी आम्ही चौघांनी बसून हातानं भरल्या.

एरर तिथेच पकड, जिथे तिचं काही करता येईल. नेटवर्कचा टाइमआऊट असेल, म्हणजे वेळेत उत्तर आलं नसेल, तर थोडं थांबून पुन्हा प्रयत्न कर, दर वेळी थांबायचा वेळ वाढव, आणि किती वेळा ते आधीच ठरव. फाइलचं नावच चुकलं असेल तर शंभरदा उघडूनही ती मिळायची नाही. ती एरर वर, म्हणजे ज्या कोडनं हे फंक्शन बोलावलं त्याच्याकडे, जाऊ दे.

४ जून १९९६ ला एरियान ५ रॉकेटचं पहिलंच उड्डाण होतं. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेतला कोड एरियान ४ मधून आलेला. आडव्या वेगाशी संबंधित ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत मावला नाही आणि त्यातून उठलेला एक्सेप्शन, म्हणजे प्रोग्राम चालताना आलेली एरर, हाताळायची सोयच तिथे नव्हती. राखीव यंत्रणेतही तोच कोड, त्यामुळे दोन्ही बंद पडल्या. बंद पडताना आलेली बिघाडाची माहिती मुख्य संगणकानं उड्डाणाची माहिती समजून वापरली. सुमारे ४० सेकंदांत रॉकेट नष्ट झालं. मला अजून चटका लावतं ते हे की बिघाड कळवला गेला होता, पण ऐकणाऱ्याला तो बिघाड वाटलाच नाही.

म्हणून लॉगमध्ये नुसतं 'काहीतरी चुकलं' लिहू नकोस. 'बिल ४४१२ : दर मिळाला नाही, दरपत्रक रिकामं' असं लिही. रात्री दोनला झोपेतून उठलेल्या माणसाला तेवढ्यावरून कुठे बघायचं ते कळतं. साध्या गोष्टीला एरर म्हणू नकोस, नाहीतर खऱ्या एररकडे कुणी बघत नाही. आणि पासवर्ड लॉगमध्ये कधीही, चुकूनसुद्धा नको.

शनिवारी आपण ती फाइल मुद्दाम दुसरीकडे हलवू आणि प्रोग्राम चालवू. कोणती फाइल, कुठे शोधली, हे मला तुझा कोड न उघडता नुसत्या लॉगवरून कळलं पाहिजे.

तुझी,
आई