रेणुकाला गावी पाठवण्याआधी

अंबाजोगाई, 12 मे

चि. समीर यास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू इतका चिडला होतास की माझं काही ऐकून घेण्याच्या मनःस्थितीतच नव्हतास, म्हणून लिहितेय. लेकीला सांभाळायला ठेवलेल्या रेणुकाच्या बादली, शेंगदाणे, मोबाईल अशा सगळ्या चुका मोजून "उद्याच्या उद्या तिला गावी पाठवतो" म्हणालास. ठेवायचं की पाठवायचं ते तू आणि प्राजक्ता, दोघा नवरा-बायकोने ठरवा, पण रागाच्या भरात ठरवू नका.

ओवीचं डोकं बादलीत गेलं हे ऐकून माझ्याही पोटात गोळा आला. सगळी नोकरी आरोग्य केंद्रात गेली माझी, अशी पाण्यात बुडालेली लेकरं मी पाहिली आहेत. सव्वा वर्षाच्या लेकराचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं. काठावरून एकदा तोल गेला की स्वतःला वर उचलायचं बळ हातांत नसतं. नाक-तोंड बुडायला दोन इंच पाणी पुरतं. आणि बुडणारं लेकरू ओरडत नाही रे. शेजारच्या खोलीत असलात तरी कळत नाही. रेणुका वेळेत पोचली म्हणून आज आपण हे बोलतो आहोत.

आता मला सांग, त्या सकाळी तिला पाणी भरायला कोणी लावलं होतं?

धरण उशाला अन् कोरड घशाला, अशी तुमच्या शहराची गत. जायकवाडी एवढी जवळ आणि नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी. त्यामुळे पाण्याच्या दिवशी टिपाडं, बादल्या, टब, घागरी, जे हाताला लागेल ते भरायचं. हे सगळं ती एकटी करत होती, ओवीला कडेवर घेऊन. ओवीला खाली ठेवून ती मोटार बंद करायला अंगणात धावली, तेवढ्यात हे झालं. बाळ सांभाळायला ठेवलेल्या माणसाने पाण्याच्या दिवशी फक्त बाळ सांभाळायचं. पाणी तू भर, नाहीतर तासाभरासाठी दुसरं कोणी बोलव. भरलेल्या प्रत्येक भांड्यावर झाकण हवं. मोरीच्या दाराला बाहेरून, ओवीचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर कडी हवी. हे तुमचं काम आहे, रेणुकाचं नाही.

तिचं घर मी पाहिलेलं आहे. आईबाप दरवर्षी दिवाळीच्या सुमारास उचल म्हणजे आगाऊ पैसे घेऊन कोयत्याला, ऊसतोडीला जातात ते उन्हाळ्यातच परततात. धाकटी भावंडं तिनेच उसाच्या फडावर, कोपीत म्हणजे तिथल्या झोपडीत वाढवली. साप-विंचू, चूल, बैलाचे पाय, ट्रॅक्टर या सगळ्यांपासून लेकरू कसं जपायचं ते तिला तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. गिझर, गच्चीचा कठडा, रिमोटमधला बटणासारखा सेल यांतला धोका तिला कोणी दाखवला? तसला सेल गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. तेव्हा केळं भरवून शौचावाटे पडायची वाट बघायची नसते, तडक दवाखाना गाठायचा असतो. हे प्राजक्तालासुद्धा मीच सांगितलं होतं.

भाजलेल्या शेंगदाण्यांचंही तसंच. तिने मायेने दिले. त्यांच्याकडे वर्षाचं लेकरू मुठीने शेंगदाणे खातं. तिला रागावून उपयोग नाही, कारण सांग: दाढा आल्याशिवाय दाणा नीट चावला जात नाही, तो श्वासनळीत अडकतो. चार-पाच वर्षांची होईपर्यंत अख्खा दाणा, फुटाणे, बोरं, सुपारी काही नको. कूट करून भाजीत घातलं तर चालेल. आणि अडकलंच तर काय करायचं ते मी तिला बाहुलीवर दाखवणार आहे. पालथं धरून दोन खांद्यांच्या मध्ये पाच थापा, तेवढ्याने नाही निघालं तर पोटावर बेंबीच्या वर पाच वेळा आत-वर दाब. दिसत नसलेली वस्तू बोट घालून काढायला जायचं नाही, ती आणखी आत जाते. तूही शिकून घे.

मोबाईलचं मात्र तुझं म्हणणं बरोबर आहे. ते न कळण्यातलं नाही, निष्काळजीपणातलं आहे. ओवी जागी असताना फोन फडताळात, असं तिला एकदाच, स्पष्ट सांग. पण हा नियम तुम्हा दोघांनाही लागू कर, नाहीतर ती पाळणार नाही.

एक गोष्ट तू रागात विसरलास. बादलीचं तुला कळलं कसं? तिनेच संध्याकाळी रडत प्राजक्ताला सांगितलं. घरात कोणी नव्हतं, लपवता आलं असतं. खरं सांगितलं म्हणून तिला घालवलंस, तर तुमच्याकडे येणाऱ्या पुढच्या मुलीला गल्लीतली कोणीतरी पहिल्याच आठवड्यात ते सांगेल. मग ओवी पलंगावरून पडली, तर तुला टेंगूळ दिसेल, खरं कारण कळणार नाही. उलटी का होतेय हे डॉक्टरला सांगता येणार नाही. मला सगळ्यात जास्त भीती या लपवण्याची वाटते.

काही गोष्टींना मात्र दुसरी संधी नाही. लेकराला मारणं, गदागदा हलवणं, झोपावं म्हणून सर्दीचं औषध किंवा आणखी काही पाजणं, एकटं टाकून बाहेर जाणं, झालेलं लपवणं. यातलं काही घडलं तर त्याच दिवशी काम बंद. तेव्हाही पगार पूर्ण द्यायचा आणि वडिलांना बोलावून त्यांच्या हवाली करायचं. वीस वर्षांच्या पोरीला रात्रीच्या एसटीत बसवून द्यायचं नाही.

तिच्याशी बोल, पण ओवीसमोर नको, शेजाऱ्यांसमोर तर नकोच. आधी तिला सांगू दे काय झालं ते. रात्री ओवी उठली की तीच उठते, पहाटे डबेही तीच करते, हे प्राजक्ताकडून कळलं. घरात राहते म्हणून चोवीस तास कामाला, असं नसतं. झोप न झालेल्या माणसाच्या हातून चुका होणारच. एक आड एक रात्र ओवी तुमच्याजवळ झोपवा, आठवड्याची एक सुट्टी द्या, आणि डबे तुम्ही बघा.

कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढायचा हे तिला आजच सांग. 108 आणि आपल्या डॉक्टरांचा नंबर फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लाव. भाजलं तर वीस मिनिटं गार पाणी ओतायचं, हळद नाही, टूथपेस्ट नाही. त्यासाठी नळ लावलेलं एक टिपाड कायम भरलेलं असू दे.

मी रविवारी सकाळच्या गाडीने येते. तोवर कडी आणि झाकणं बसवून घे. आणि प्राजक्ताला सांग, या महिन्याचा पगार कापायचं जे म्हणत होती ते मला अजिबात पटलेलं नाही. पूर्ण द्या.

तुझी,
आई