बिऱ्हाड हलवण्यापूर्वी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही दोघांनी नव्या शहरात बिऱ्हाड हलवायचे ठरवल्याचे वाचून आनंद झाला आणि लगोलग थोडी काळजीही वाटली. सामान, भाडे आणि नोकरी यांविषयी सल्ला देणारे तुला पुष्कळ भेटतील. मी तेवढेच लिहितो, जे आपल्यासारख्या समलिंगी जोडप्यांच्याच वाट्याला येते. सध्याच्या शहरात तुमचे नाते ठाऊक असलेली माणसे आहेत आणि तुमचा रोजचा व्यवहार बराचसा त्यांच्याच भरवशावर चालतो. डॉक्टर एकाच्या प्रकृतीविषयी दुसऱ्याशी बोलतात, अडीअडचणीला कोणाला कळवायचे हे शेजाऱ्यांना सांगावे लागत नाही. यातले काहीही सामानाबरोबर जात नाही. नव्या ठिकाणी घर दाखवणाऱ्या दलालापासून कार्यालयातल्या सहकाऱ्यापर्यंत प्रत्येकजण पहिल्या भेटीतच विचारणार, "तुम्ही एकमेकांचे कोण?"

या प्रश्नाचे उत्तर सध्याचे शहर सोडण्याआधी दोघांनी मिळून ठरवा, आणि तेही माणसागणिक ठरवा. घरमालकाला काय सांगायचे, कार्यालयात काय, शेजारी काय, याची उत्तरे एकच असावीत असे नाही. मात्र ती दोघांना ठाऊक असावीत. तू 'जोडीदार' म्हणालास आणि त्याने त्याच माणसाला 'खोलीतला सोबती' असे सांगितले, तर परक्याच्या बोलण्यापेक्षा तुम्ही एकमेकांमुळेच जास्त दुखावाल. संशोधक इलान मेयर यांनी २००३ साली अल्पसंख्याकांच्या, म्हणजे येथे समलिंगी व्यक्तींच्या, मानसिक ताणाविषयी जी मांडणी केली, तिच्यात प्रत्यक्ष भेदभावाबरोबरच नकाराची सततची धास्ती आणि स्वतःला लपवणे हेही ताणाचे वेगळे घटक मानले आहेत. म्हणजे कोणी काहीच वाईट बोलले नाही, तरी माणूस थकू शकतो. तुझ्या स्वभावात मोकळेपणा अधिक आहे. त्याच्यावर आपली गती लादू नकोस, एवढे मी मैत्रीच्या अधिकाराने सांगतो.

आता कागदपत्रांकडे वळतो, आणि येथे माझे मत ठाम आहे: लोक ओळखू लागण्याची वाट न पाहता नाते आधी कागदावर आणा. भाडेकरार दोघांच्या नावे करा, कारण करारात नाव नसलेला माणूस भांडणात किंवा जोडीदाराच्या मृत्यूनंतर एका दिवसात पाहुणा ठरू शकतो. मृत्युपत्र, आजारपणात निर्णयाचा अधिकार देणारा लेख आणि बँकेतले नामनिर्देशन, हे सारे त्या ठिकाणच्या कायद्याप्रमाणे वकिलाकडून तपासून घ्या, कारण जागा बदलली की नात्याचा दर्जाही बदलतो. नेदरलँड्समध्ये २००१ पासून समलिंगी विवाह होतात. इटलीने २०१६ मध्ये नागरी संयोगाला (जोडप्याच्या नात्याच्या, विवाहाहून वेगळ्या कायदेशीर नोंदणीला) मान्यता दिली, विवाहाला दिली नाही. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये विवाहाचा हक्क मान्य केला नाही, पण संयुक्त बँक खाते उघडण्यास आणि जोडीदाराचे नाव नामनिर्देशित करण्यास कोणतीही आडकाठी नाही, असे केंद्र सरकारने २०२४ मध्ये स्पष्ट केले. टोकियोतील शिबुया आणि सेतागाया या प्रभागांनी २०१५ मध्ये समलिंगी जोडप्यांना प्रमाणपत्रे देण्यास सुरुवात केली, परंतु ती स्थानिक प्रशासनाची असल्यामुळे विवाहाचे कायदेशीर हक्क त्यांतून मिळत नाहीत. देश ओलांडायचा असेल, तर नोकरी देणाऱ्याला लेखी विचारा की 'पती-पत्नी' या व्याख्येत तुम्ही बसता का आणि जोडीदाराला व्हिसा व आरोग्यविमा मिळतो का. तोंडी आश्वासनावर सामान बांधू नका.

शहर निवडण्याबद्दल मी फारसे लिहीत नाही. मोठे शहर सोयीचे असते, कारण तेथे कोणाला कोणाकडे पाहायला सवड नसते, इतकेच.

मला खरी चिंता आहे ती तुझ्या जोडीदाराची. बदली तुझी आहे, तो तुझ्यामागे येतो आहे. तुला पहिल्याच आठवड्यात कार्यालयात माणसे मिळतील. त्याच्याजवळ दिवसभर कोणी नसेल, आणि माहेर-सासर मदतीला धावून येण्याची जी सोय इतर जोडप्यांना असते, ती कदाचित तुम्हाला नसेल. म्हणून त्याची कामाची सोय, त्याचे स्वतःचे खाते आणि त्याचे स्वतंत्र मित्र यांचा विचार घर शोधण्याइतकाच आधी व्हायला हवा. तेथील समलिंगी व्यक्तींच्या एखाद्या गटाशी जाण्यापूर्वीच ओळख करून घ्या. कोणता दवाखाना सन्मानाने वागवतो आणि कोणता घरमालक विनाकारण चौकश्या करत नाही, ही माहिती तेथेच मिळते.

भाडेकराराचा मसुदा हाती आला की मला पाठव, आणि त्यावर त्याचे काय म्हणणे आहे ते त्यालाच लिहायला सांग.

तुझा मित्र