अंगठा चालत नाही म्हणे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

छोट्या संस्थांनी हिशेबाची शिस्त शिकावी, असा उपदेश करणारा आपल्याकडचा लेख काल सकाळी वाचला. रात्री पुन्हा वाचला. झोप उडाली ती उडालीच, म्हणून हे पत्र.

कंपन्या द्यायला तयार आहेत, पण वस्तीतल्या गटांना कागद सांभाळता येत नाहीत, असे लेखकमहाशयांचे म्हणणे. मी 32 वर्षे बँकेत कागदच सांभाळले. निवृत्त झाल्यापासून घरकाम करणाऱ्या आणि कचरा वेचणाऱ्या बायकांच्या एका गटाचे हिशेब लिहितो. या बायकांनी आपणहून रात्रीचा साक्षरता वर्ग सुरू केला. त्याला एका कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीतून, अनुदान मिळाले, तेही दुसऱ्या एका संस्थेचा हात धरून. साध्या बचत गटाला दारच बंद. ट्रस्ट, सोसायटी नाहीतर कलम 8 ची (नफा न वाटणारी) कंपनी हवी, प्राप्तिकराची 12ए आणि 80जी ही प्रमाणपत्रे हवीत, तीन वर्षांचे काम दाखवायला हवे, शिवाय 1 एप्रिल 2021 पासून सरकारकडे सीएसआर-1 नावाचा अर्ज भरून नोंदणी हवी. असो. पैशाचा मामला आहे, चाळणी हवीच.

पुढचे ऐका. दुसऱ्या हप्त्याआधी तपासणीला एक तरुण आला. हजेरीपट चाळता चाळता थबकला.

"सर, सह्या कुठे आहेत? हे तर सगळे अंगठेच."

म्हटले, अहो, साक्षरता वर्ग आहे, आणि हा पहिला महिना आहे.

"हो, पण फॉरमॅटमध्ये सिग्नेचर लिहिलंय."

‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ असे लिहिलेले किती कागद माझ्या हाताखालून गेले असतील, देव जाणे. ज्याला लिहिता येत नाही त्याची खूण हीच त्याची सही, असे 1897 चा सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, म्हणजे कायद्यांतल्या शब्दांचे अर्थ सांगणारा कायदा, सांगतो. राणीच्या राज्यात जे चालले ते या पोराच्या एक्सेल शीटमध्ये चालेना.

हप्ता अडला. चार महिन्यांनी पुन्हा तपासणी लागली. तोवर बायका सही करू लागल्या होत्या. एका मावशींचे नाव चौकटीत मावेना. शेवटची वेलांटी पार दुसऱ्या दिवसाच्या रकान्यात गेलेली, जणू उद्याची हजेरीही आजच लावून टाकली! मी तो हजेरीपट मुद्दाम सगळ्यात वर ठेवला होता. आठवड्याने लेखी शेरा आला: ‘सदर लाभार्थींच्या सह्या पूर्वीच्या नोंदींशी जुळत नाहीत. खुलासा करावा.’

खुलासा केला. ‘तेव्हा लिहिता येत नव्हते, आता येते. अनुदान त्यासाठीच होते.’ एवढाच. त्यावर भाषा उद्धट असल्याचा निरोप आला. असेलही.

मग शिकवणाऱ्या मुलीच्या मानधनाला कात्री लागली. कारण काय, तर प्रशासकीय खर्चाला 5 टक्क्यांची मर्यादा आहे. अहो, ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या कारभारखर्चाला आहे. प्रकल्प राबवण्यावर थेट होणारा खर्च त्यात धरायचा नाही, हे सीएसआर नियमांच्या 2021 च्या दुरुस्तीत स्वच्छ लिहिले आहे. मुलगी फळ्यासमोर उभी राहते तो प्रशासकीय खर्च, आणि वर्गाच्या दारावर कंपनीच्या नावाचा हातभर फलक लागला तो मात्र कार्यक्रमाचा! फलकाचे बिल पहिल्या फटक्यात पास झाले. आणि थाट असा, की जणू पदरचे देताहेत. 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांच्या सरासरी नफ्यातले 2 टक्के यासाठी बाजूला काढायला लावले आहेत, हे लेखकांनी एका ओळीत तरी सांगायला हरकत नव्हती.

आमचे काहीच चुकत नाही असा दावा नाही. पहिल्या वर्षी वह्या-पेन्सिलींच्या काही पावत्या हरवल्या, ते पैसे मी खिशातून भरले आणि बोलणीही खाल्ली. पण शिस्त शिकायची ती एकट्या आम्हीच का? हप्ता वेळेवर सोडणे हीसुद्धा शिस्तच ना?

जाता जाता आणखी एक. त्याच लेखाशेजारी आपण मोठ्या धनादेशाचे छायाचित्र छापले आहे. खाली ‘डावीकडून’ करून पाच साहेबांची नावे, हुद्द्यांसकट. आणि धनादेशाचे एक टोक धरून मध्यभागी उभ्या असलेल्या बाई कोण, तर ‘लाभार्थी महिला’. आपल्या छायाचित्रकाराने विचारले असते तर त्यांनी नाव सांगितले असते. कोण जाणे, लिहूनही दिले असते.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी

ता. क. : नावांवरून एवढे बोललो खरा, पण माझे नाव कृपया छापू नये. शेवटचा हप्ता अजून यायचा आहे.